कोळवडीचा पिवळा दिवा

"आता रात्र झाली असं समजा, शोभनाताई," मोने डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी शेवटच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला.

बाहेर मिरजेत दुपार कलत होती. खाली बोळातून भंगारवाला ओरडत चालला होता. वरच्या मजल्यावरच्या त्या लांबलचक खोलीत मात्र डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख झाला. मग खट् असा बारीक आवाज आला आणि माझ्यासमोर, टेबलावर, अख्खं मिरज जंक्शन उजळलं.

मी लाइटवाली बाई. लग्नाचे मांडव, जत्रा, गणपतीचे देखावे, सगळं करून बसलेली. मला उजेडाचं कौतुक सहजासहजी वाटत नाही. पण ते बघून माझ्या तोंडून 'वा' निघून गेलं, आणि ते निघालं याचा मला लगेच राग आला. कारण ज्या माणसाच्या घरात मी चहाचा कप धरून बसले होते, त्याची बायको मी स्वतः महिन्याभरापूर्वी गाडीत बसवून दिली होती. ती कुठे आहे हे या माणसाला कळता कामा नये, एवढ्यासाठीच मी आले होते. त्यानं बोलावल्यावर आले नसते तर त्याला आयतं उत्तर मिळालं असतं.

मोने डॉक्टर दातांचे. गावात त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही. आवाज कधी चढत नाही, दाढ उपटतानाही 'दुखलं का हो?' म्हणून विचारणार. बायकोवर, मृणालवर, त्यांनी कधी हात उगारला नाही. तीच मला म्हणाली होती, "हात उगारला असता तर बरं झालं असतं गं शोभना, लोकांना दाखवायला काहीतरी असतं." भाजीत मीठ जास्त पडलं, माहेरचा फोन लांबला, असं काही मनाविरुद्ध झालं की डॉक्टर शांतपणे जिन्याखाली जायचे आणि तिच्या खोलीचा मेन स्विच खाली ओढायचे. मग दाराला बाहेरून कडी. सकाळी कडी निघायची, चहा व्हायचा आणि पेपरातून डोकं वर न काढता ते विचारायचे, "झोप झाली ना?" मृणाल लहानपणापासून अंधाराला भिणारी. लग्न ठरताना तिनंच हसत हसत त्यांना ते सांगितलं होतं.

लग्नाआधी ती आमच्या नाटकात काम करायची. वर्षातून एकदा स्पर्धेचं नाटक करायचं, हे माझं खूळ. तिचा अभिनय आणि माझी प्रकाशयोजना, अशी आमची ओळख. लग्नानंतर नाटक सुटलं, ओळखही सुटल्यासारखीच झाली. आणि मग एके दिवशी ती माझ्या लाइटच्या दुकानात येऊन म्हणाली, "मेन स्विच बंद झाला तरी चालेल असा दिवा आहे का गं?" मी चार्जिंगचा दिवा दिला. काही दिवसांनी ती परत आली. दिवा कपाटात साड्यांच्या घड्यांखाली ठेवला होता तिथेच, ठेवला होता तसाच होता. फक्त आतली बॅटरी कुणीतरी काढून घेतली होती. त्या दिवशी माझ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून तिनं मला सगळं सांगितलं, आणि मी तिला कोळवडीला माझ्या मावशीकडे पाठवली.

कोळवडी म्हणजे कुर्डुवाडीच्या बाजूचं एक आडस्टेशन. पॅसेंजर सोडली तर काही थांबत नाही. मावशीचं घर स्टेशनासमोरच. मावशी, मृणाल आणि मी, आम्हा तिघींशिवाय कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टरांनी गावात सांगितलं होतं की ती हवापालटासाठी बडोद्याला भावाकडे गेलीय.

"दिव्यातलं मला काही कळत नाही," काळोखातून डॉक्टरांचा आवाज आला. "गाड्या, रूळ, घरं, सगळं माझं मी केलं. दिव्यांपाशी अडलं. म्हटलं, ज्याचं काम त्याला विचारावं."

खोलीच्या मधोमध जंक्शन होतं. तिथून रूळ चारही भिंतींकडे गेले होते, पुण्याकडे, कोल्हापूरकडे, बेळगावकडे, कुर्डुवाडीकडे. वाटेत छोटी छोटी स्टेशनं. प्रत्येक फलाटावर नखाएवढे खांब आणि प्रत्येक स्टेशनासमोर एक घर. दात कोरायच्या यंत्रानं त्यांनी त्या घरांच्या खिडक्या कोरल्या होत्या, गजांसकट. खोटं कशाला बोलू, काम बघून हात जोडावेत असं होतं.

"भिंतींतून उजेड झिरपतोय," मी म्हटलं. "घरं आतून काळी रंगवून घ्या. आणि सगळ्या खिडक्यांत सारखा उजेड कुठे असतो? कुणाकडे ट्यूब, कुणाकडे बल्ब. कुठे कुणी झोपलेलं असणार."

"कुणी झोपलेलं," डॉक्टर म्हणाले. "हे मला सुचलंच नव्हतं."

त्यांच्या हाताशी एक लांब फळी होती. तिच्यावर बारीक बटणांच्या रांगा आणि प्रत्येक बटणाखाली मोत्यासारख्या अक्षरात स्टेशनाचं नाव.

"प्रत्येक घराला वेगळं बटण कशाला?" मी विचारलं. "नुसत्या वायरींचं जंजाळ होईल. एका बाजूची सगळी घरं एकावर घ्या."

"नको. मला बरं वाटतं, एकेक घर हाताशी असलेलं."

मी चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता.

डॉक्टरांनी कापसाची एक डबी पुढे सरकवली. आत मुगाच्या दाण्याएवढे दिवे होते, अर्धे पांढरे, अर्धे पिवळे. "आता फलाट," ते म्हणाले. "तुमचं या चारही लाइनींवर जत्रांच्या कामाला जाणं-येणं. खरंखुरं हवंय मला. पिवळे लावू की पांढरे?"

"पांढरे. रेल्वेनं आता सगळीकडे एलईडी केलेत."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"नाही, आमच्या सासूबाई परवा वेगळंच म्हणाल्या." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "कुठल्यातरी फलाटावर म्हणे अजून पिवळा दिवा आहे. रात्रभर जळतो. समोरच्या घराच्या खिडकीतून दिसतो, आणि त्या उजेडात छान झोप लागते. स्टेशनाचं नाव मात्र त्यांना सांगता येईना."

मृणालनं मला न विचारता आईला फोन केला होता, हे मला ठाऊक होतं. 'मी सुखरूप आहे, बाकी काही सांगितलं नाही,' असं ती म्हणाली होती. आणि आईच्या दृष्टीनं जावई म्हणजे देवमाणूस. त्या माउलीनं विश्वासानं जेवढं होतं तेवढं जावयाच्या ओंजळीत घातलं होतं.

दिवा खरा होता. कोळवडीच्या फलाटाच्या टोकाला चिंचेखाली एक खांब आहे. चिंचेच्या फांद्यांमुळे कंत्राटदाराच्या माणसांना शिडी लावता आली नाही, म्हणून तेवढा एक जुना पिवळा दिवा राहून गेला. मावशीच्या मधल्या खोलीत त्याचाच उजेड येतो.

"सासूबाईंचं वय झालं," मी म्हटलं. "त्यांना रस्त्यावरचा दिवा वाटला असेल."

"असेल," डॉक्टर म्हणाले.

पण डबीतला एकही दिवा त्यांनी उचलला नाही, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतका वेळ कसं आलं नाही, याचं आजही नवल वाटतं. जंक्शनबरोबरच टेबलाच्या कडेला त्यांचा दवाखान्यातला जुना दिवाही लागला होता, लांब दांडीचा, पेशंटच्या तोंडात सोडतात तो, मंद करून ठेवलेला. मला वाटलं होतं, डबीतले दिवे निवडताना दिसावेत म्हणून असेल. पण त्याचा झोत टेबलावर पडतच नव्हता. तो माझ्या हनुवटीपासून कपाळापर्यंत पडत होता. मला याच स्टुलावर बसा म्हणाले होते, इथून सगळं नीट दिसतं म्हणून. डॉक्टर स्वतः पूर्ण काळोखात होते. गाड्यांकडे, घरांकडे, फलाटांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड टाकत आले. ज्याच्यावर झोत, त्याची पापणीसुद्धा शेवटच्या रांगेतून दिसते, हे मला कुणी शिकवायला नको. या खोलीतला दिवा मी यायच्या आधीच निवडून झालेला होता, आणि तो माझ्यासाठी होता.

चार्जिंगच्या त्या दिव्याखाली आमच्या दुकानाचं स्टिकर होतं. बॅटरी काढताना त्यांनी ते वाचलं असणार. गावात अब्रू असलेल्या डॉक्टरानं चार दिशांची स्टेशनं अंधारात हिंडायची म्हणजे चर्चा व्हायची. त्यापेक्षा एका बाईचं तोंड वाचणं सोपं.

"असं करू," डॉक्टर म्हणाले. "मी एकेका स्टेशनासमोरचं घर विझवत जातो. तुम्ही फक्त कसं वाटतं ते सांगा. कुर्डुवाडीच्या बाजूनं सुरुवात करू."

"करा की," मी म्हटलं.

"शेरेवाडी." खट्. एक खिडकी गेली.

"ठीक आहे."

"सातवड." खट्.

"छप्पर जरा उचललंय. चिकटवून घ्या."

पुढचं कोळवडी होतं. मला ते न बघताच कळत होतं. एका नाटकात मृणालला नवऱ्याच्या मरणाची बातमी ऐकून नुसतं उभं राहायचं असे आणि माझा झोत तिच्यावर. ती दगडासारखी उभी राहायची. मी तिला विचारलं होतं, तुला जमतं कसं? ती म्हणाली होती, "मनात स्वयंपाकाला लागते. कांदा चिरायला घेते." मी मनात कढई ठेवली. तेल टाकलं. मोहरी तडतडू दिली.

"कोळवडी," डॉक्टर म्हणाले, पण बटण दाबलं नाही.

घर कौलारू होतं. समोर फलाट, फलाटावर चार खांब. चिंच नव्हती. म्हणजे ते अजून तिथे गेले नव्हते. मी कांदा टाकला. परतला. पाणी घातलं.

खट्.

त्या पुठ्ठ्याच्या घरातला उजेड गेला आणि माझ्या डोळ्यांसमोर मृणाल दाराशी चाचपडत उभी राहिली, कडी शोधत, जी बाहेरून लागलेली आहे. ओरडावंसं वाटलं. मी बेसन भुरभुरत राहिले. एका हातानं भुरभुरायचं, एका हातानं हलवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही.

"कसं वाटतं?"

"खिडकी मोठी झालीय," मी म्हटलं. "खेड्यातल्या घराला एवढी खिडकी नसते."

उरलेल्या खिडक्यांच्या उजेडात मला त्यांचे हात तेवढे दिसत होते, स्वच्छ, नखं कापलेले. मी पिठल्यावर झाकण ठेवलं.

"सासूबाईंनी खिडकी मोठी आहे असं काही सांगितलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले आणि पुढचं बटण दाबलं.

कुर्डुवाडीची बाजू संपली. पुण्याची संपली. प्रत्येक खट् बरोबर खोली आणखी काळी होत होती आणि माझं तोंड आणखी उजळ. मला एक गोष्ट कळून चुकली. आज यांना काहीच मिळालं नाही, तर हे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील. आज नाही तर उद्या. सासूबाईंकडून आणखी एक शब्द काढतील. रिकाम्या हातानं हा माणूस उठणारा नव्हता. त्याच्या हातावर काहीतरी ठेवायला हवं होतं.

बेळगावच्या बाजूला भोगुंडी नावाचं स्टेशन आहे. समोर एक बंद पडलेली गिरणी आणि गिरणीच्या रखवालदाराची खोली. तो रखवालदार पैलवान गडी, आणि त्याची दोन कुत्री त्याच्याहून पैलवान.

"भोगुंडी," डॉक्टर म्हणाले.

खट्.

मी कपाखालची बशी वाजू दिली. अगदी जराशी. मग त्या घराकडे न बघता पडद्याकडे बघितलं, आणि त्यांनी विचारायच्या आत बोलले, "इथं पांढराच दिवा आहे. मी बघितलाय. पांढराच आहे."

"मी दिव्याचं कुठे विचारलं?" डॉक्टर म्हणाले. "मी घराचं विचारत होतो."

मी मान खाली घातली. ती तशीच राहू दिली.

नंतरची स्टेशनं त्यांनी भराभर उरकली. मग पडदे सारले. दुपारचं ऊन आत आलं आणि ती सगळी नगरी पुठ्ठ्याची झाली. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. त्यांचं हसू खरंच छान होतं.

"तुमचा चेहरा फार बोलका आहे हो. एवढी वर्षं पडद्यामागे कशाला काढलीत?"

"सवय," मी म्हटलं.

"बरीच मदत झाली तुमची."

मी जिना उतरले. जिन्याखाली मेन स्विचची पेटी होती, तिच्यावर झेंडूचं फूल वाहिलेलं. दसऱ्याला लोक यंत्रांची पूजा करतात तसं ते असेल. मी अंग चोरून तिच्याजवळून बाहेर पडले.

कोपऱ्यावरच्या पानपट्टीशी मी थांबले. थोड्याच वेळात डॉक्टरांची गाडी बोळातून बाहेर पडली. दवाखान्याची वेळ झाली होती, पण गाडी दवाखान्याकडे वळली नाही. बेळगावच्या रस्त्याला लागली. तेव्हा कुठे मी फोन काढला.

"आगं, ती भाकरी थापाय शिकतीया," मावशी म्हणाली. "पार आफ्रिकेचा नकाशा करतीया बघ. बोलवू का?"

"बोलव. आणि मावशी, तिची पिशवी भर. आत्ताच्या पॅसेंजरनं तिला बसवून दे."

"काय झालं?"

"तिच्या नवऱ्याला दिवा कळलाय. गाव कळायला वेळ नाही लागायचा."

मावशीनं पुढे एक शब्द विचारला नाही. मृणाल फोनवर आली, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आईला मी फक्त दिव्याचं सांगितलं होतं गं."

"डॉक्टरांना दिव्याचंच कळतं," मी म्हटलं.

कोळवडीहून ती पुण्याला माझ्या मैत्रिणीकडे गेली आणि तिथून नाशिकला. आज ती नाशिकला एका शाळेत मुलांना नाटक शिकवते. रीतसर घटस्फोट झाला. कोर्टात डॉक्टर एकदाही आवाज चढवून बोलले नाहीत, असं तिच्या वकीलबाईंनी मला मुद्दाम सांगितलं. बाईंनाही डॉक्टरांचं कौतुकच वाटलं होतं.

भोगुंडीला काय झालं ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेले तेव्हा पायरीवर कापसाची डबी होती. आत एकच दिवा, पिवळा, दोन्ही तारा मुळापासून मोडलेला. त्यानंतर डॉक्टर मला रस्त्यात भेटले की नमस्कार करायचे. कधी कधी दुकानासमोर गाडी थांबवून काचेतून आतल्या दिव्यांकडे बघत बसायचे आणि न उतरता निघून जायचे. मी घाबरत नव्हते असं नाही. घाबरत होते, आणि रोज दुकान उघडत होते.

पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं. गावानं पेढे खाल्ले. एवढं होऊनही माणूस किती शांत, असं सगळे म्हणाले.

आता परवाची गोष्ट. सकाळची वेळ होती, मी काउंटरवर माळांचा गुंता सोडवत होते. तिशीतली एक बाई आत आली. नीटनेटकी साडी, गळ्यात मंगळसूत्र. तिनं आधी मागे वळून रस्ता बघून घेतला.

"चार्जिंगचा दिवा आहे का?" ती म्हणाली. "मेन स्विच बंद झाला तरी चालेल असा."

माझा हात माळेत तसाच राहिला.

"आमच्याकडे लाइट फार जाते," ती न विचारताच म्हणाली.

"राहता कुठे?"

तिनं बोळाचं नाव सांगितलं. तो बोळ माझ्या दुकानाच्या मागच्या अंगाला. दोन्हीकडे वीज एकाच खांबावरून येते. माझ्या डोक्यावर पंखा गरगरत होता, महिनाभरात लाइट एकदाही गेली नव्हती. तिनं पंख्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मोने डॉक्टरांकडच्या?" मी विचारलं.

तिनं नुसती मान हलवली.

मी दोन दिवे काढून काउंटरवर ठेवले, एक मोठा, एक मुठीत मावेल एवढा. दोन्हींवरची स्टिकरं नखानं खरवडून काढली.

"हा मोठा साड्यांखाली ठेवा," मी म्हटलं. "तो त्यांना सापडू दे. हा छोटा पिठाच्या डब्यात, पिशवीत गुंडाळून, तळाशी."

तिनं छोटा दिवा उचलून मुठीत घट्ट धरला. मी तिच्या मुठीवर हात ठेवला.

"आणि एक सांगते, ते कुठे लिहू नका, लक्षात ठेवा. आईलासुद्धा सांगू नका. कुर्डुवाडीच्या बाजूला कोळवडी म्हणून स्टेशन आहे. पॅसेंजरच थांबते. फलाटाच्या टोकाला चिंच आहे, चिंचेखाली एकच दिवा पिवळा. त्याच्यासमोरचं कौलारू घर. तिथली म्हातारी माझी मावशी. शोभनानं पाठवलं म्हणा, ती काही विचारायची नाही."

ओठ न हलवता तिनं ते नाव मनातल्या मनात म्हणून घेतलं. पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली, आणि परत वळली.

"तिथं लाइट जाते का हो?"

"जाते की," मी म्हटलं. "खेडंच ते. पण गेली की सगळ्यांचीच जाते."